रिबेस करा किंवा मर्ज, पण रिव्ह्यू झालेलाच कोड बाहेर जातोय का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीचे पाच मेंटेनर (कोड सांभाळणारे) आहेत आणि त्यांच्यात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, रिबेस (कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, नव्या पायावर पुन्हा रचणं) आणि स्क्वॉश (अनेक कमिटांचा एकच करणं) बंद करा, कारण त्यानं इतिहास बदलतो आणि बदललेल्या इतिहासावर विश्वास कसा ठेवायचा? दुसऱ्या बाजूला मर्ज कमिटांच्या (दोन ब्रँच, म्हणजे कामाच्या फांद्या, जोडणाऱ्या नोंदींच्या) गुंत्याचा वैताग आलाय. त्यांना सरळ रेषेतला इतिहास हवाय, आणि खात्रीसाठी प्रत्येक कमिटवर डिजिटल सही सक्तीची करा असं ते म्हणतात. यातलं कोण बरोबर, हा मुख्य प्रश्न. शिवाय सही सक्तीची केलीच तर जुन्या बिनसहीच्या कमिटांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकाच भांडणात शिरलेत. पहिला प्रश्न इतिहास वाचायला कसा असावा, हा. दुसरा, वापरणाऱ्याच्या हातात पडणारा कोड तुम्ही पाहून मान्य केलेलाच आहे का, हा. रिबेस की मर्ज हा वाद नव्वद टक्के पहिल्या प्रश्नाचा आहे. दुसऱ्याला तो काही ठिकाणी स्पर्श करतो, आणि त्या जागा नेमक्या कोणत्या ते बघण्यासारखं आहे.

आधी गिट, म्हणजे तुमच्या कोडचा इतिहास ठेवणारं साधन, स्वतःहून काय देतं ते बघू. प्रत्येक कमिटचा हॅश (मजकुरावरून गणितानं निघणारा ठसा) काढताना त्यात फाइलींच्या पूर्ण झाडाचा हॅश, आधीच्या कमिटचा (किंवा कमिटांचा) हॅश, लेखक, कमिट करणारा, तारखा आणि संदेश एवढं सगळं धरलेलं असतं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या कमिटमधलं एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात, आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांच्या पुढच्या पुलमध्ये (नवे बदल आणताना) ते लगेच उघडं पडतं. गुपचूप बदल करायला जागा राहत नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सचा कोड ठेवणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली तेव्हा लिनक्सच्या कोडबद्दल लोक धीर धरून होते ते यामुळेच. सर्व्हर हातात आला तरी जगभरच्या डेव्हलपरांच्या मशिनवर त्याच हॅशच्या प्रती होत्या.

गिटच्या आधीची गोष्ट जास्त बोलकी आहे. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्सचा मूळ कोड बिटकीपर या इतिहास ठेवणाऱ्या साधनात होता आणि ज्यांना ते वापरायचं नव्हतं त्यांच्यासाठी सीव्हीएस या दुसऱ्या साधनात एक प्रत ठेवलेली होती. कुणीतरी त्या प्रतीत थेट दोन ओळी घुसवल्या. वेट४ या सिस्टम कॉलच्या (प्रोग्रॅमनं ऑपरेटिंग सिस्टमला करायच्या विनंतीच्या) कोडमध्ये एक अट, आणि त्या अटीत वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासल्यासारखं दिसणारं वाक्य. फक्त तिथे दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच होतं. म्हणजे तपासणी नव्हतीच. ठरावीक पर्याय देऊन कॉल केला की तो क्रमांक सरळ शून्य व्हायचा आणि प्रोग्रॅमला रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळायचे. कोड वाचताना ही चूक डोळ्यांखालून सहज निसटली असती. पकडली गेली ती वेगळ्याच कारणानं: सीव्हीएसमधल्या त्या बदलाला बिटकीपरमध्ये जोडीदार नोंदच नव्हती. दोन प्रती जुळत नाहीत एवढंच आधी लक्षात आलं, ओळी नंतर वाचल्या गेल्या. हे उदाहरण मनात ठेवा, कारण खाली रिलीजबद्दल बोलताना हाच मुद्दा उलट्या बाजूनं येणार आहे.

(गिट हॅश काढतं ती शा-१ पद्धत मोडलीय ना, असं कुणीतरी म्हणेलच. २०१७ च्या फेब्रुवारीत अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच हॅश असलेल्या दोन पीडीएफ फाइली बनवून दाखवल्या, हे खरं. पण त्यात दोन्ही फाइली बनवणाऱ्याच्याच हातातल्या होत्या. तुमच्या आधीच्या फाइलीशी जुळणारी दुसरी फाइल बनवणं हे फार अवघड काम आहे. शिवाय त्याच वर्षी गिट २.१३ पासून असा हल्ला ओळखणारी शा-१ची आवृत्ती वापरात आली. तुमच्या पाच जणांच्या काळजीच्या यादीत हे बरंच खाली ठेवा.)

आता गिट काय देत नाही. कमिटवरचं लेखकाचं नाव आणि ईमेल हा फक्त मजकूर आहे. कॉन्फिगमध्ये कुणाचंही नाव टाका, कमिट त्याच्या नावानं होतो. २०२१ च्या मार्चमध्ये पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर रासमस लर्डॉर्फ आणि निकिता पोपोव या तिच्या डेव्हलपरांच्या नावांनी दोन घातक कमिट आले. पहिल्याचा संदेश होता टायपिंगची चूक दुरुस्त केल्याचा. वेब विनंतीत विशिष्ट मजकुरानं सुरू होणारा हेडर आला तर त्यातला कोड चालवायचा, असं मागचं दार त्यात होतं. काही तासांत लोकांनी बदल वाचला आणि तो उलटवला. यानंतर पीएचपीनं स्वतःचा गिट सर्व्हर मुख्य म्हणून वापरणं थांबवून गिटहब या होस्टिंग सेवेवर मुक्काम हलवला. यातून घ्यायचं ते हे की, हॅशची साखळी मधला बदल पकडते, पण टोकाला नवी कडी कुणी जोडली हे ती सांगत नाही. जाता जाता, संदेशाच्या तळाशी येणारी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळसुद्धा साधा मजकूर आहे. कोड द्यायचा मला हक्क आहे, एवढंच ती सांगते. तिला डिजिटल सही समजणारे मेंटेनर मला अजून भेटतात.

आता तुमच्या भांडणाकडे.

रिबेसमुळे इतिहास खोटा होतो हा आक्षेप मला अर्धाच पटतो. योगदान देणाऱ्यानं स्वतःच्या ब्रँचवर दहा वेळा चुकत-माकत केलेले कमिट तीन नीट कमिटांत बसवले, तर त्यात खोटं काही नाही. ते वाचणाऱ्यासाठी केलेलं काम आहे. बायसेक्ट करून (कमिटांची यादी निम्मी-निम्मी करत) बग शोधताना प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होत असेल तर हे काम किती उपयोगी पडतं ते कळतं. पण दुसरी अर्धी बाजूही आहे. रिबेस म्हणजे जुने कमिट उचलून दुसरीकडे ठेवणं नव्हे, तिथे नवे कमिट तयार होतात. त्यामुळे तीन गोष्टी घडतात. जुन्यावरच्या सह्या गळतात. मधले नवे कमिट त्या रूपात कधी कुणी चालवून पाहिलेले नसतात, टेस्ट बहुधा शेवटच्या टोकावरच चालतात. आणि ज्या कमिटांचा रिव्ह्यू झाला, ते आत गेलेच नाहीत, त्यांच्यासारखे दिसणारे दुसरे गेले.

हा तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक नेहमीचा प्रसंग घ्या. पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती) येते, चारशे ओळींची. तुम्ही तासभर बसून वाचता, मान्यता देता. मग मुख्य ब्रँच पुढे गेल्यामुळे तुम्हीच म्हणता, जरा रिबेस करून द्या. योगदानकर्ता रिबेस करून फोर्स पुश करतो, म्हणजे सर्व्हरवरच्या जुन्या ब्रँचच्या जागी नवी ठेवतो. मान्यतेची हिरवी खूण तशीच राहते, तुमचा सहकारी ती बघून मर्ज करतो. या मधल्या वेळेत त्या चारशे ओळींत काय बदललं ते कुणीच पाहिलेलं नाही. यावर उपाय रिबेसवर बंदी हा नाही. नवा पुश आला की जुनी मान्यता आपोआप रद्द व्हावी ही सेटिंग चालू करा, आणि रिबेसनंतर रेंज-डिफ चालवून जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा फरक शून्य किंवा दोन ओळींचा निघतो, मिनिटाचं काम आहे. हे मी अनोळखी माणसाच्या पॅचवरही करतो आणि दहा वर्षं ओळखीच्या माणसाच्या पॅचवरही.

मर्जवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. मर्ज कमिट हा कोड लपवायला उत्तम कोपरा आहे. लॉग (इतिहासाची यादी) पॅचसकट, म्हणजे बदललेल्या ओळींसकट, बघताना गिट मर्ज कमिटचा फरक मुळात दाखवतच नाही. शो हा आदेश दिला तर दोन्ही पालकांपेक्षा (जोडलेल्या दोन कमिटांपेक्षा) वेगळे असलेले तुकडेच दिसतात. आता समजा मुख्य ब्रँचवर सुरक्षेची एक दुरुस्ती झालीय आणि मर्ज करताना त्याच ओळींवर कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला. मर्ज करणाऱ्यानं तो सोडवताना जुनी बाजू जशीच्या तशी घेतली. दुरुस्ती गेली, आणि निकाल एका पालकाशी तंतोतंत जुळत असल्यामुळे शोमध्ये काहीच दिसत नाही. हे मुद्दाम व्हायलाच पाहिजे असं नाही, शुक्रवारी संध्याकाळी घाईतही होतं. गिट २.३६ पासून रिमर्ज-डिफ नावाचा पर्याय आहे: तो तोच मर्ज पुन्हा आपोआप करून बघतो आणि माणसानं हातानं काय बदललं ते दाखवतो. मर्जचा वर्कफ्लो ठेवणार असाल तर याची सवय लावून घ्या.

मर्जच्या बाजूनं एक भक्कम मुद्दा मात्र आहे, तो तुमच्या मर्जवाल्यांनी मांडलेला दिसत नाही. सही केलेला टॅग (कमिटला लावलेली नावाची खूण) मर्ज केला की त्या टॅगची सही मर्ज कमिटमध्येच नोंदली जाते. गिट १.७.९ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय आहे आणि लिनक्समध्ये उपविभागांचे मेंटेनर वरच्या मेंटेनरकडे काम पाठवताना ती वापरतात. कुणी पाठवलं, कुणी घेतलं, दोन्ही गोष्टी इतिहासात राहतात. पण तिथे मेंटेनरांची उतरंड आहे. तुमच्याकडे पाच जण एकाच ब्रँचवर काम करतात, तेव्हा तिथली पद्धत जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही.

गिट प्रकल्पाची स्वतःची पद्धत मला यात जास्त शिकवून जाते. तिथे 'सीन' नावाची ब्रँच सतत नव्यानं बांधली जाते, तिच्यावर कुणी भिस्त ठेवायची नाही. 'नेक्स्ट' ही रिलीजनंतर कधीतरी मागे घेतली जाते. 'मास्टर' मात्र मागे जात नाही. म्हणजे इतिहास बदलायचा की नाही हा प्रश्न अख्ख्या रेपोला (कोडच्या साठ्याला) एकदाच विचारायचा नसतो, तो प्रत्येक ब्रँचला वेगळा विचारायचा असतो. तुम्हीही हेच लिहून ठेवा: वैयक्तिक ब्रँचवर हवं ते करा, मुख्य ब्रँच आणि रिलीज ब्रँचवर फोर्स पुश आणि डिलीट सर्व्हरनंच नाकारावं, अॅडमिनसकट सगळ्यांना. नियम फक्त कागदावर ठेवलात तर पहिल्या अडचणीत तो मोडतो.

आता सह्या. दुसऱ्या गटाला माझा एकच प्रश्न आहे: सही तपासणार कोण? प्रत्येक कमिटवर सही सक्तीची केलीत आणि ती तपासताना 'व्हेरिफाइड' हा हिरवा शिक्का बघण्यापलीकडे काही केलं नाहीत, तर तुम्ही विश्वास ठेवताय तो होस्टिंग करणाऱ्या कंपनीवर. त्यात वाईट काही नाही, पण तसं आहे हे माहीत असावं. गिटहबवर वेबच्या बटणानं स्क्वॉश मर्ज केलं तर तयार होणाऱ्या कमिटवर सही असते ती गिटहबच्या कीची (सही करायच्या किल्लीची), तुमची नव्हे. आणि 'रिबेस अँड मर्ज' दाबलं तर नवे कमिट सहीविना आत जातात. म्हणजे सरळ रेषा आणि प्रत्येक कमिटवर योगदानकर्त्याची सही, या तुमच्या दुसऱ्या गटाच्या दोन मागण्या वेबच्या बटणांवर एकमेकींना छेद देतात. सरळ रेषा ठेवून निदान माणसाची सही हवी असेल तर मेंटेनरला आपल्या मशिनवर रिबेस करून स्वतःच्या कीनं पुन्हा सही करावी लागेल.

आणि मी नेमकं तेच करतो, कारण मला हवी असते ती मेंटेनरची सही. एखादा विद्यार्थी पहिलाच पॅच पाठवतोय, त्याच्या कीची ओळख आपल्याला कुठून असणार? अनोळखी कीनं केलेली सही बरोबर निघाली याचा अर्थ फक्त एवढा की ती की ज्याच्याकडे आहे त्यानंच सही केली. तो कोण हे गुलदस्त्यातच राहतं. नवख्या माणसाला जीपीजी हे सहीचं साधन शिकायला लावून तुम्ही पॅच गमवाल, हाती काही लागणार नाही. मेंटेनर पाच आहेत, त्यांच्या कीज एकमेकांना माहीत असतात, तिथे सहीला अर्थ येतो. २०२१ च्या शेवटी आलेल्या गिट २.३४ पासून एसएसएच (सर्व्हरवर लॉगिन करायच्या) कीनंही सही करता येते, त्यामुळे जीपीजीचा त्रास टळतो. मान्य कीजची फाइल रेपोत ठेवा, आणि त्या फाइलीतला बदल दोन मेंटेनरांच्या मान्यतेशिवाय होऊ देऊ नका. मुख्य ब्रँचवरचा प्रत्येक नवा कमिट त्या यादीतल्या कीनं सही केलेला आहे का, हे सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) तपासा. ही तपासणी बसवणार नसाल तर सहीची सक्ती करू नका. टॅगवर मात्र सही हवीच, तिथे मी वाद घालत बसणार नाही.

आता रिलीज, कारण तुमच्या भांडणात कुणीच त्याचं नाव काढलेलं नाही आणि खरी गोम तिथे आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबायच्या (कॉम्प्रेस करायच्या) साधनाचं प्रकरण उघडकीस आलं. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत मागचं दार होतं. ते घालणाऱ्यानं दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे काम करून मेंटेनरचे अधिकार मिळवले होते. कमिट त्याचेच, रिलीज त्याचीच, सहीसुद्धा त्याचीच आणि तांत्रिकदृष्ट्या बरोबर. घातक भाग टेस्टसाठीच्या दाबलेल्या बायनरी फाइलींत दडवून गिटमध्ये ठेवलेला होता. पण तो बाहेर काढून बिल्डमध्ये जोडणारी एम४ स्क्रिप्ट, जिचा तो बदललेला अवतार निर्णायक होता, गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (प्रसिद्ध होणाऱ्या कोडच्या गठ्ठ्यात) होती. पकडलं ते डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा माग काढताना.

यात तुमच्या दोन्ही गटांच्या उपायांनी काय झालं असतं ते बघा. फोर्स पुशवर बंदी असती तरी फरक पडला नसता. प्रत्येक कमिटवर सही असती तरीही नाही. उपयोगी पडली असती ती २००३ मधलीच साधी गोष्ट: दोन प्रती जुळतात का बघणं. टॅगवरून स्वतः टारबॉल बनवायचा आणि प्रसिद्ध झालेल्याशी फाइल-फाइल ताडायचा. ऑटोटूल्स (बिल्डची तयारी करणारी साधनं) वापरणाऱ्या प्रकल्पांत टारबॉलमध्ये जादा तयार फाइली असतात, म्हणून लोक हा फरक गृहीत धरतात आणि बघत नाहीत. माझा नियम असा: एक मेंटेनर रिलीज बनवतो, दुसरा आपल्या मशिनवर टॅगवरून तीच बनवून जुळवतो, मगच ती बाहेर जाते. जमेल तिथे टारबॉल थेट गिट आर्काइव्ह या आदेशानं काढा, म्हणजे जादा फाइलींची सबबच उरत नाही. ताडताना मात्र दाबलेल्या फाइलीचा चेकसम (तिचा ठसा) धरून बसू नका, आतला मजकूर ताडा. २०२३ च्या जानेवारीत गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या आर्काइव्हचे चेकसम अचानक बदलले होते. आतला कोड तोच होता, दाबण्याची पद्धत बदलली होती. बऱ्याच जणांचे बिल्ड त्या दिवशी पडले आणि तो बदल मागे घ्यावा लागला.

टॅगबद्दल एक सावधगिरी. टॅग ही हलवता येणारी खूण आहे. २०२५ च्या मार्चमध्ये टीजे-अॅक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या गिटहब अॅक्शनचे (सीआयमध्ये वापरायच्या तयार तुकड्याचे) जुने टॅग हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले, आणि टॅगचं नाव देऊन ती वापरणारे हजारो रेपो धोक्यात आले. पूर्ण कमिट हॅश लिहिणारे वाचले. तुमच्या सीआयमध्ये बाहेरचं काय काय येतं ते एकदा काढून बघा आणि तिथे पूर्ण हॅश लिहा. आपल्या टॅगांना हलवणं आणि पुसणं सर्व्हरवर बंद करा, ब्रँचइतकंच हे महत्त्वाचं.

खात्यांबद्दल दोनच ओळी. २०१८ च्या जूनमध्ये जेंटू या लिनक्स वितरणाची गिटहबवरची संघटना हल्लेखोरांनी ताब्यात घेतली ती एका अॅडमिनचा पासवर्ड ओळखून. मूळ कोड त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर असल्यामुळे तो वाचला. पाचही जणांनी टू-फॅक्टर लॉगिन चालू केलंय का हे वर्कफ्लोवर पुढचा मेल लिहिण्याआधी तपासा.

परिस्थितीनुसार काय बदलेल, तेही सांगतो. मेंटेनर एकटाच असेल तर दोघांच्या मान्यतेचा नियम निरर्थक आहे. तिथे सही केलेला टॅग आणि कुणीही पुन्हा बनवू शकेल असा टारबॉल, एवढंच हाती उरतं. लांबलचक ब्रँच आणि दोन-तीन जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या असतील तर मर्जचा इतिहास जास्त उपयोगी, कारण कोणती दुरुस्ती कुठे पोचली ते त्यातून दिसतं. छोटे पॅच, एकच मुख्य ब्रँच, बरेच नवखे योगदानकर्ते अशी तुमची स्थिती वाटते, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर स्क्वॉश किंवा रिबेस करून सरळ रेषा ठेवली असती. एक मात्र पाळा: मोठं काम स्क्वॉश करून दोन हजार ओळींचा एकच कमिट करू नका. तो नंतर कुणालाच वाचता येत नाही, बायसेक्टही त्याच्यापाशी येऊन थांबतं.

राहिले जुने बिनसहीचे कमिट. त्यांच्यावर आता सह्या करायच्या म्हणून इतिहास पुन्हा लिहू नका. सही कमिटच्या आतच बसते, त्यामुळे पहिल्यापासूनचे सगळे हॅश बदलतील, प्रत्येकाची प्रत तुटेल, बग नोंदींतले जुने हॅश मरतील. शिवाय त्या सहीला अर्थही नसेल: दुसऱ्यानं सहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडवर आज तुम्ही त्याच्या वतीनं काय सही करणार? त्याऐवजी एक दिवस ठरवा. दोन-तीन मेंटेनरांच्या जुन्या, स्वतंत्र प्रती काढा आणि मुख्य ब्रँचचा इतिहास त्या सगळ्यांत सारखाच आहे ना ते जुळवा. प्रत्येक प्रतीवर गिट एफएससीके (साठा शाबूत आहे का ते तपासणारा आदेश) चालवा. मग त्या दिवशीच्या टोकावर एक सही केलेला टॅग लावा आणि त्याच्या संदेशात लिहा की इथून मागचा इतिहास जसा आहे तसा मान्य केला, इथून पुढे सहीचा नियम लागू. हॅशच्या साखळीमुळे ती एक सही मागच्या प्रत्येक कमिटपर्यंत पोचते, आणि सीआयमधली तपासणी त्या टॅगच्या पुढून सुरू करता येते.